पुण्याचं आकाश, पाऊस आणि वादळं : विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावी ते बारावीच्या मुलामुलींशी हवामानाबद्दल बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथं एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं एका ओळीची आहेत, काहींना पानभर जागा लागली. क्रम पाळायची गरज नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

शिवाजीनगरच्या चौकाला सिमला ऑफिस का म्हणतात? सिमला तर हिमाचलात!

भारतीय हवामान विभाग १८७५ साली सुरू झाला. त्याचं मुख्यालय पुढं सिमल्याला होतं आणि १९२८ मध्ये ते पुण्यात आलं. सिमल्याहून आलेलं ऑफिस ते सिमला ऑफिस, एवढा साधा पुणेरी हिशेब. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण मनोऱ्याची ती दगडी इमारत आणि बरंचसं काम इथंच राहिलं. देशभरातल्या हवामानाच्या नोंदींचा साठा, उपकरणं आणि शेतीसाठीचा हवामान सल्ला यांचं मोठं काम आजही पुण्यातून चालतं. शिवाय पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, १९६२ मध्ये स्थापन झालेली. ती संशोधन करते. रोजचा अधिकृत अंदाज मात्र हवामान विभाग देतो. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

आमच्या सोसायटीत पाऊस धो धो पडला आणि बातमीत म्हणे 'पुण्यात ० मिलिमीटर'. मग मोजतात कुठं?

हा पुणेकरांचा आवडता तक्रारवजा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. 'पुण्यात इतका पाऊस' असं छापून येतं तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो. पाषाण, लोहगाव, चिंचवड, मगरपट्टा अशा ठिकाणच्या नोंदी वेगळ्या होतात. उन्हाळी पावसाचा एखादा ढग तीन-चार किलोमीटर रुंदीचा असू शकतो. तो कात्रजवर रिकामा झाला, तर शिवाजीनगरच्या भांड्यात थेंबही पडत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

दुसरी गंमत वेळेची. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी संध्याकाळी तुम्ही भिजलात, तर ते पाणी बुधवारच्या आकड्यात जमा होतं. आकडा वाचताना 'कुठला' आणि 'कधीपासून कधीपर्यंत' हे दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हवामानावरून होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

वेधशाळेतली ती पांढरी लाकडी पेटी कशासाठी असते?

तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तिच्यात तापमापक असतात. झडपांसारख्या फटींमधून वारा खेळतो, पण ऊन थेट आत येत नाही. आपल्याला हवेचं तापमान हवं असतं, उन्हात तापलेल्या काचेचं नव्हे. बाल्कनीच्या भिंतीवर टांगलेला तापमापक दुपारी ४५ दाखवतो तो याच कारणानं. त्याचा फोटो 'पुणे पेटलं' म्हणून फिरवू नका.

घरी पाऊस मोजता येईल का?

येईल, आणि मोजाच. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा चालतो. तळापासून पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची, तोच पाऊस. डब्याचं तोंड लहान आहे की मोठं यानं फरक पडत नाही, फक्त भिंती सरळ हव्यात. शीतपेयाची बाटली वापरणार असाल तर वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, म्हणजे पाणी उडून जाणार नाही. बूड खडबडीत असतं, त्यामुळं आत थोडे खडे टाका, सरळ भिंत सुरू होते तिथवर पाणी भरा आणि तिथं शून्याची खूण करा. डबा झाडाखाली किंवा भिंतीला लागून ठेवू नका. रोज सकाळी साडेआठला मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करून परत ठेवा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पडला तर सुमारे ९३० लिटर होतात. हे गणित सोसायटीच्या सभेत मांडून बघा.

लोणावळ्याला धबधबे आणि पुण्यात रिमझिम, असं का?

कारण मध्ये सह्याद्री आहे. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पानं भरलेली हवा घाटाला धडकते. पुढं जायला वाट नाही, म्हणून ती वर चढते. वर दाब कमी, त्यामुळं ती फुगते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात, आणि बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच उतरतं. पुण्याच्या बाजूला हवा खाली येऊ लागली की उलटं घडतं : ती दाबली जाते, गरम होते, ढग विरळ होतात.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो, लोणावळ्याला चार हजारांहून अधिक. शिवाजीनगरला सुमारे सातशे. दौंड-बारामतीकडे त्याहूनही कमी. एकाच जिल्ह्यात मावळातला शेतकरी गुडघाभर चिखलात भात लावतो आणि बारामतीच्या जिरायत भागातला आकाशाकडं डोळे लावून बसतो. पावसाळ्यात पुण्याहून लोणावळ्याला लोकलनं जा आणि खिडकीतून ढगांचा तळ बघत राहा. मळवली येईतो तो डोंगरांवर टेकलेला दिसतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारनंतर गडगडाट. ढग येतात तरी कुठून?

बऱ्याचदा ते कुठून येत नाहीत, तिथंच तयार होतात. म्हणूनच वळीव बघण्यात जी मजा आहे ती आषाढातल्या संततधारेत नाही, असं माझं मत.

सकाळपासून जमीन तापते. जमिनीलगतची हवा गरम होऊन हलकी होते आणि वर उठते. हवा कोरडी असेल तर पुढं काहीच होत नाही, फक्त उकाडा. पण खालच्या थरात समुद्रावरून आलेलं बाष्प असेल, तर वर गेल्यावर त्याचे थेंब होतात. थेंब होताना बाष्पातली उष्णता बाहेर पडते आणि हवा आणखी जोरात वर जाते. ढग स्वतःचं इंधन स्वतःच पेटवत जातो. त्यात वरच्या थरातली हवा थंड असेल, तर अडवणारं कोणी नाही. दुपारी एकला कापसाच्या पुंजक्याएवढा दिसणारा ढग चार वाजेपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. माथा पसरट, ऐरणीसारखा झाला की तो पूर्ण वाढला असं समजा.

अशा ढगात हवेचे वर जाणारे झोत फार जोरकस असतात. आपल्याकडं साधारण साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. तिथं बर्फाचा कण तयार झाला की झोत त्याला तोलून धरतो, त्याच्यावर थंड थेंब गोठत राहतात आणि गार मोठी होते. झोताला वजन पेलेनासं झालं की ती खाली येते. मान्सूनच्या ढगांमध्ये इतके जोरदार झोत सहसा नसतात, म्हणून गारा जुलैत नाही, मार्च ते मेमध्ये पडतात. पुण्यात मुलं त्या वेचून खातात. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला मात्र मार्च २०१४ची गारपीट अजून आठवते, उभा रब्बी हंगाम आडवा झाला होता.

पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदम थंडगार वाऱ्याचा लोट आणि धूळ येते ना? तो ढगातून कोसळलेला हवेचा झोत. थेंबांचं बाष्पीभवन होताना हवा थंड होते, जड होते, खाली आदळते आणि चहूकडं पसरते. फ्लेक्स आणि गुलमोहराच्या फांद्या याच वेळी पडतात. तेव्हा गाडी झाडाखाली लावून आडोसा शोधणं हा चुकीचा निर्णय.

वीज किती लांब आहे हे कसं ओळखायचं?

लखलखाट दिसला की सेकंद मोजा. गडगडाट ऐकू आला की थांबा. आकड्याला तीननं भागा, तितके किलोमीटर. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. अंतर तीस सेकंदांच्या आत, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आलं की पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या, धातूच्या छताच्या गाडीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. खरं तर गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात.

मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात सिंहगड, राजगड, तोरण्यावर जाणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. उघडा माथा, बुरूज, एकटं झाड आणि रेलिंग ही चारही वाईट ठिकाणं. चारही बाजूंनी उघडी टपरी म्हणजे आडोसा नव्हे. ढग दिसू लागले की माथा सोडून खाली उतरायचं, फोटो पुढच्या वेळी. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि त्यात शेतात काम करणारे आणि झाडाखाली थांबलेले बरेच असतात.

पाषाणच्या संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप तयार केलं आहे. आसपास विजा पडत असतील तर ते नकाशावर दाखवतं. सहलीला नेणाऱ्या शिक्षकांच्या फोनमध्ये ते हवंच.

फोनवर बोललं तर वीज पडते?

नाही. भिंतीतल्या तारेला जोडलेला फोन किंवा चार्जिंगला लावलेला मोबाईल टाळावा, कारण वीज तारेतून आत येऊ शकते.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो?

बसत नाही. त्याच्या शरीरात वीज साठून राहिलेली नसते. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि कोणाला तरी १०८ फिरवायला सांगा. या भीतीपोटी लोक लांब उभे राहतात आणि वाचू शकणारा माणूस जातो.

समुद्र इतका लांब, मग पुण्यात चक्रीवादळ येईल का?

पूर्ण ताकदीनं येणार नाही, पण त्याचा तडाखा बसतो. चक्रीवादळ गरम समुद्राच्या बाष्पावर जगतं. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं हवं. जमिनीवर आलं की हा पुरवठा तुटतो आणि वर सह्याद्रीचा अडसर, त्यामुळं ते काही तासांत ढिलं पडतं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं आणि तिथून पुणे जिल्ह्यावरून पुढं गेलं. शहरात झाडं कोसळली, वीज गेली, मावळ-जुन्नर पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर गुजरातकडं गेलं.

आपल्या गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. कारण पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. बेसिनमधलं पाणी मात्र त्यामुळं फिरत नाही, तो नळाचा आणि भांड्याच्या आकाराचा प्रताप.

वादळांना नावं कोण देतं?

उत्तर हिंदी महासागराभोवतालच्या १३ देशांनी मिळून यादी केली आहे. २०२० साली जाहीर झालेल्या यादीत १६९ नावं आहेत. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की यादीतलं पुढचं नाव लागतं. त्या यादीतलं पहिलंच 'निसर्ग', बांगलादेशनं सुचवलेलं.

उन्हाळ्यात मैदानात फिरणारी वावटळ म्हणजे छोटा टोर्नेडो का?

नाही. वावटळ तापलेल्या जमिनीवरून, निरभ्र आकाशाखाली वर उठते आणि मिनिट-दोन मिनिटांत विरते. टोर्नेडो मोठ्या वादळी ढगाच्या पोटातून खाली उतरतो. आपल्याकडं तो क्वचितच होतो.

जोराचा पाऊस झाला की सगळे 'ढगफुटी झाली' म्हणतात. खरंच होते?

फार कमी वेळा. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणं वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर ती ढगफुटी. पुण्यातल्या बहुतेक 'ढगफुट्या' या कसोटीवर टिकत नाहीत.

म्हणून त्या कमी धोक्याच्या असतात असं मात्र नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून आलेलं पाणी आंबिल ओढ्यातून सहकारनगर, अरण्येश्वर भागात घुसलं. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. ओढ्याचं पाणलोट लहान आणि चढाचं असेल तर पाऊस पडल्यापासून पूर येईपर्यंत तासभरही मिळत नाही. त्यात पात्र आवळलेलं असेल तर पाणी घरातून वाट काढतं. तुमच्या घराजवळ कुठला ओढा आहे आणि तो कुठं गडप होतो, हे शोधून काढा. भूगोलाचा यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

पुण्यात पाऊस थांबलेला असतो, तरी भिडे पूल पाण्याखाली कसा जातो?

कारण मुठेचा पूर पुण्यातल्या पावसानं नाही, घाटमाथ्यावरच्या पावसानं येतो. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची साखळी मिळून सुमारे २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी धरते, पण शेवटचं खडकवासला एकटं दोन टीएमसीसुद्धा नाही. वरची धरणं भरली की पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथं साठवायला जागा नसते. सोडावंच लागतं. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्या वेळी घाटातही आणि शहरातही जोरदार पाऊस होता आणि धरणातून विसर्गही चालू होता. त्यामुळं पावसाळ्यात नदीकाठच्या घरांनी शिवाजीनगरच्या पावसाइतकंच खडकवासल्याच्या विसर्गाकडं लक्ष ठेवायचं असतं.

आजोबा सांगतात तो १२ जुलै १९६१चा पूर मात्र वेगळा. तेव्हा पानशेतचं धरण फुटलं होतं.

पिवळा, नारिंगी, लाल : हे इशारे कसे वाचायचे? लाल म्हणजे सुट्टी ना?

सुट्टीचा निर्णय हवामान विभाग घेत नाही, तो जिल्हाधिकारी किंवा स्थानिक प्रशासन घेतं. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना किती पाऊस होईल याबरोबरच त्याचा परिणाम काय होईल हेही बघतात.

चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं मुसळधार, ११५.६च्या पुढं अति मुसळधार, २०४.४च्या पुढं अत्यंत मुसळधार, अशी वर्गवारी आहे. अजून एक गोष्ट जरूर बघा : इशारा 'पुणे शहर' असा आहे की 'पुणे जिल्ह्याचा घाटमाथा' असा. ताम्हिणीसाठी दिलेल्या लाल इशाऱ्यावर औंधात छत्री उघडून बसलेले लोक संध्याकाळी खात्याला नावं ठेवतात.

पण अंदाज चुकतातच ना?

चुकतात. मात्र चुकला असं म्हणण्याआधी नेमकं काय सांगितलं होतं ते वाचा. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ त्या विभागातल्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊणपर्यंत, 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्या वर. तुरळक ठिकाणचा अंदाज असताना तुमच्या गल्लीत ऊन पडलं तर अंदाज बरोबरच आलेला असतो.

मुळात काम अवघड आहे. रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जगभरातून एकाच वेळी फुगे सोडले जातात, ते वरच्या हवेचं तापमान, आर्द्रता, वारा कळवतात. उपग्रह, रडार, जहाजं, विमानं यांची माहिती त्यात मिळते. मग संगणक भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवतो. यासाठी पाषाणला 'अर्का' हा महासंगणक २०२४ मध्ये आला आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटींचं 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झालं. आता वर सांगितलेला वळवाचा ढग आठवा : तो या चौकटीपेक्षाही लहान असू शकतो. तो कोथरूडवर पडेल की वारज्यावर, हे सकाळी सांगणं आजही शक्य नाही. रडारवर दिसल्यावर पुढच्या दोन-तीन तासांचं सांगता येतं.

दुसरी अडचण एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९६१ मध्ये दिसली. त्यानं संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि थोड्या वेळानं दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. सुरुवातीची किंचित चूक वाढत जाते, म्हणून पंधरा दिवसांनंतरच्या लग्नाच्या संध्याकाळी पाऊस पडेल का, हे कुठलंही ॲप सांगत असलं तरी विश्वास ठेवू नका.

आजी म्हणते मृग लागला की पाऊस येतो. हे शास्त्र आहे का?

अर्धं आहे. सूर्य मृग नक्षत्रात येतो ७ किंवा ८ जूनला, दरवर्षी. मान्सून पुण्यात सरासरीनं १० जूनच्या आसपास पोचतो. म्हणजे पूर्वीच्या लोकांनी तारीख लक्षात ठेवायची चांगली सोय केली होती. पण नक्षत्र घड्याळासारखं चालतं, मान्सून नाही. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पुण्यात आला, तेव्हा रोहिणी चालू होतं.

'पडतील स्वाती, तर पिकतील मोती' ही म्हण मात्र चोख आहे. स्वाती ऑक्टोबरच्या अखेरीस लागतं. तेव्हाचा पाऊस रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला ओल देतो. नक्षत्राच्या 'वाहना'वरून, म्हणजे यंदा बेडूक की म्हैस यावरून, पाऊस सांगणं हा पंचांगातला गणिती खेळ. त्याला निरीक्षणाचा आधार नाही.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ पक्का?

एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. त्यानं दुष्काळाची शक्यता वाढते, पक्कं काही नाही. १९९७ मध्ये एल निनो प्रचंड होता आणि भारतात पाऊस सरासरीइतका झाला. २०१५ मध्ये मात्र दुष्काळ पडला.

हिवाळ्यात पाषाणला हुडहुडी आणि मगरपट्ट्यात स्वेटरही नको. असं कसं?

रात्री जमीन उष्णता सोडते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि उतारावरून खोलगट भागात जमा होते. पाषाण-एनडीएकडं टेकड्या, झाडं, मोकळी जमीन, म्हणून तिथं गारठा. मगरपट्टा, कोरेगाव पार्कात काँक्रीट दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहतं. एकाच पहाटे चार-पाच अंशांचा फरक सहज दिसतो. जानेवारी १९३५ मध्ये पुण्यात १.७ अंश नोंदले गेले होते.

यात एक अस्सल कोडं आहे. निरभ्र, शांत रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून असायला हवी. पण पुण्यात कृषी हवामानशास्त्राचं काम उभं करणाऱ्या एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये दाखवलं की ती जमिनीच्या थोडी वर, साधारण दहा ते पन्नास सेंटीमीटरवर असू शकते. परदेशातल्या लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही, उपकरणाचा दोष असेल म्हणाले. पुढं ते खरं ठरलं आणि त्या थराला आज रामदास थर म्हणतात.

मला हवामानशास्त्रज्ञ व्हायचंय. काय शिकू?

बारावीपर्यंत भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका, संगणकाला कामाला लावायला शिका. बी.एस्सी.नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊनही या क्षेत्रात येता येतं. पीएचडीसाठी पाषाणची संस्था आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे.

'मुलींना जमेल का' असं अजूनही कोणीतरी विचारतं. ॲना मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या. तोवर आपण साधी उपकरणंसुद्धा परदेशातून आणत होतो. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवायला लावली, पुढं ओझोन मोजण्याचं यंत्रही. त्यांच्याकडं पीएचडी नव्हती.

सिमला ऑफिस आतून बघता येतं का?

२३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो, त्या सुमारास शाळांसाठी आणि नागरिकांसाठी प्रदर्शन भरतं. पाषाणची संस्था २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दारं उघडते. तारखा आणि वेळा आधी चौकशी करून घ्या. गेलात तर फुगा कसा भरतात ते दाखवायला सांगा आणि तिथल्या वायुभारमापकाचा आकडा वहीत टिपून आणा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून तो ९५० हेक्टोपास्कलच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास असेल. त्याच दिवशी मुंबईचा आकडा साधारण १०१० का, हे घरी येऊन सोडवा.